हिरूबाय, पाणी कसां आसा?

फार वर्षांपूर्वी, कांदळवेळच्या होड्या अजून शिडावर चालायच्या तेव्हा, गावाच्या टोकाला हिरूबाय नावाची बाई एकटी राहायची. तिचा नवरा कुप्याच्या मागे लांब समुद्रात गेला, तो परत आलाच नाही. कुपा म्हणजे काळ्या पाठीचा, अंगानं भरलेला मोठा मासा. एक मिळाला तरी चार घरं जेवतात.

होडी निघताना विधवेचं तोंड बघायचं नाही, अशी तेव्हा रीत होती. म्हणून हिरूबाय पहाटे खडकापाशी कमरेएवढ्या पाण्यात उभी राहायची आणि होड्या आल्या की आपणच पाठ फिरवायची. ज्या पाण्यात नवरा आहे, ते कधीतरी आपल्यापर्यंत येईल, एवढीच तिची आशा. असं म्हणतात, की उभं राहून राहून तिच्या कातडीला समुद्र कळू लागला. पावसाळ्यात तळाचं गार पाणी वर येतं, नद्यांचा गाळ मिसळतो आणि कुपा दूर जातो. वारा फिरला, पाणी निवळून ऊबदार झालं, की तो किनाऱ्याकडे वळतो. हे तिला कळायचं, पण तिला विचारणार कोण?

एका वर्षी पाऊस लांबला. दिवाळी झाली तरी होड्या रिकाम्या येत होत्या. घरातली सुकी मासळी संपली, पोरं पेज पिऊन निजू लागली. शेवटी होडी हाकणाऱ्या घारू तांडेलानं ठरवलं, जमीन दिसेनाशी होईपर्यंत आत जायचं. हिरूबायचा नवरा गेला होता तसंच.

त्या पहाटे हिरूबायनं पाठ फिरवली नाही. ती होडीच्या समोर येऊन उभी राहिली.

"अगो, सामोरी कित्याक इलंस?" माणसं ओरडली.

"घारू, लांब जाव नको. पाणी फिरलां. कुपो हयसरच येतलो."

मागून कोणीतरी टोमणा मारला, "एवढां कळता, तर घोवाक कित्याक नाय थांबवलंस?"

हिरूबाय हळूच म्हणाली, "तेना माका इचारल्यानच नाय."

घारूनं वाकून पाण्यात हात घातला. पाणी खरंच ऊबदार होतं. त्यानं वल्ही खाली ठेवायला लावली.

मग हिरूबाय खडकाकडे चालू लागली. कमरेएवढं पाणी गळ्याशी आलं, तरी ती थांबली नाही. असं म्हणतात, की ती जाईल तिथलं पाणी निळंशार होत गेलं. वर पक्ष्यांचे थवे जमले आणि खाली कुप्यांच्या पाठी चमकू लागल्या. माणसांनी धावत होड्या लोटल्या, गळ टाकले. होड्या काठोकाठ भरल्या. मग सगळ्यांनी तिला हाका मारल्या. खडक मोकळा होता.

कुप्यांनी तिला नवऱ्याकडे नेलं, असं म्हणतात.

आता होड्यांना इंजिनं आली. तरी कांदळवेळला कुप्याच्या पहिल्या फेरीला होडीला पहिला हात गावातली विधवा बाईच लावते आणि सगळे तिच्या तोंडाकडे बघून निघतात. खडकापाशी आले की इंजिन बंद करतात. तांडेल पाण्यात हात घालून विचारतो, "हिरूबाय, पाणी कसां आसा?"

लाटेशिवाय काही ऐकू येत नाही. पण विचारल्याशिवाय कोणी गळ टाकत नाही.