लामजियाकची जागा

बँकॉकहून सकाळी लवकर निघालं की दोनेक तासांत बांग सान्नुआनच्या कालव्याशी पोचता येतं. तिथून पुढे गाडीचं काम नाही. लांबट नावेत गुडघे पोटाशी घेऊन बसायचं आणि गाइड दाखवेल तिकडे बघायचं. नारळाच्या बागा मागे पडतात, कालवा विहारापाशी वळतो आणि त्या वळणावर पाण्यावरचा बाजार लागतो. नावेला नाव भिडवून बायका बसलेल्या असतात. कुणाकडे पोमेलो म्हणजे आपली पपनसं, कुणाकडे केळ्याची भजी, कुणाकडे उकळती पेज. दाटी इतकी, की एखादं मांजर पुलाकडून निघालं तर पाय न भिजवता विहाराच्या पायऱ्यांपर्यंत जाईल असं वाटावं. पण ते जात नाही. पायऱ्यांना लागून एका नावेपुरती जागा मोकळी असते, आणि तिथे त्याला थांबावं लागतं.

एका सहलीत ही जागा सगळ्यांत आधी हेरली ती प्रमिला तोडणकरांनी. त्या हर्णैच्या. बंदरावर मासळीच्या लिलावात टोपली टेकवायला वीतभर जागा मिळावी म्हणून बायका कशा एकमेकींच्या झिंज्या धरतात, हे त्यांनी लहानपणापासून पाहिलेलं. इथे तर पायऱ्यांजवळची, सावलीतली, येणाऱ्याजाणाऱ्याच्या नजरेतली अशी बाजारातली सगळ्यांत चांगली जागा कुणी घेत नव्हतं.

"अहो, तिथे नाव लावायला सांगा ना," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "मागे देऊळ, बाजूला बाजार. फोटो काय सुरेख येईल!"

तोडणकरांनी बोट दाखवलं मात्र, नाव चालवणाऱ्या म्हातारीने वल्हं पाण्यात आडवं घालून नाव जागच्या जागी थोपवली. हीच त्यांची गाइड, याय सायबुआ. याय म्हणजे आजी. सत्तरी ओलांडलेली, वाळक्या भेंडीसारखी शिडशिडीत, डोक्यावर ताडाच्या पानांची टोपी. तिचं इंग्रजी मोडकं होतं, आणि जिथे ते संपायचं तिथे ती हातांनी बोलायची. तिने सांगितलं ते आपल्या भाषेत असं.

फार पूर्वी, पुलाच्या जागी अजून नुसता दोर होता तेव्हा, ती जागा लामजियाकची होती. लामजियाक म्हणजे आपला केवडा. नावाप्रमाणे बाई सुगंधी होती की नाही ते कुणाला ठाऊक नाही, पण काटेरी होती असं सांगतात. नवरा गेलेला, पदरात एकच मुलगी, मालै. लामजियाक पेज विकायची. तांदळाची मऊ पेज, वर तळलेला लसूण. तिच्या पेजेच्या वासाने विहारातली कुत्रीसुद्धा पायऱ्यांवर ओळीने येऊन बसत म्हणे.

या बाजाराच्या तेव्हा तीन रीती होत्या, आणि त्या कुणी मोडत नसे. पहाटे भिक्खूंची नाव भिक्षेला येई. पहिला डाव त्यांच्या पात्रात घालायचा, मगच गिऱ्हाइकाला हाक मारायची. दुसरी रीत भवानीची. पहिल्या गिऱ्हाइकाला नाही म्हणायचं नाही, त्याचा हात ज्या वस्तूला पहिल्यांदा लागेल ती त्याची. आणि तिसरी अशी, की भवानीचा माल लगेच न्यायचा नाही. बाजारातल्या नावांची ओळ पुरी भरेपर्यंत तो केळीच्या पानाखाली झाकून विकणारीच्या नावेतच राहू द्यायचा, म्हणजे बरकत टिकते.

"आमच्याकडेही भवानी परत पाठवत नाहीत," प्रमिलाबाई मध्येच म्हणाल्या. म्हातारीने मान हलवली आणि पुढे सांगू लागली.

एकदा थंडीच्या दिवसांत मालैला ताप भरला. साताआठ वर्षांची पोर, अंग कढईसारखं तापलेलं. वैद्य राहायचा लांब, दोन कालवे ओलांडून, आणि त्याच्याकडे रिकाम्या हाताने जाता येत नव्हतं. लामजियाकने पोरीला नावेच्या पुढच्या टोकाला निजवलं, तोंडावर टोपी झाकली आणि अंधुक उजाडताच बाजार गाठला. धुकं इतकं दाट होतं, की स्वतःचंच वल्हं तिला अर्धं दिसत होतं. ओळीत अजून दोनचारच नावा लागल्या होत्या. भिक्खूंच्या नावेचा पत्ता नव्हता. पोर कण्हायला लागली तशी आईचा धीर सुटला. पटकन भवानी व्हावी, मडकं रिकामं व्हावं आणि वैद्य गाठावा, एवढंच तिच्या डोक्यात. तिने भिक्खूंच्या आधी हाक घातली.

"या हो, भवानी करा! हात लावाल ते तुमचं!"

रोजची हाक. हजारदा मारलेली. पण त्या दिवशी ती विहाराच्या भिंतीवर आपटून परत आली नाही, धुक्यात कुठेतरी आतच गेली. मग एक नाव आली. पाणी हललं नाही. नावेत एकच माणूस, टोपी नाकापर्यंत ओढलेली. तोंड कुणाला दिसलं नाही, म्हणून ते कसं होतं हे कुणी सांगत नाही. लामजियाकला दिसलं ते एवढंच, की त्याचं वल्हं कोरडं होतं आणि हात मात्र कोपरापर्यंत ओला होता, थेंब थेंब गळत.

तिने वाडगं पुढे केलं. गिऱ्हाइकाने ते घेतलं नाही. हात वाडग्यावरून पुढे गेला, मडक्यावरून पुढे गेला, नावेच्या टोकाशी गेला. त्याने मालैच्या तोंडावरची टोपी बाजूला केली आणि तळहात तिच्या डोक्यावर ठेवला.

पोरीचं कण्हणं थांबलं. ताप उतरला, तो असा की लामजियाकने अंगाला हात लावला तर अंग नुसतं गार. आणि मडक्यातली उकळती पेज, खाली निखारे असताना, गोठून पांढरी झाली.

लामजियाकच्या काय ते ध्यानात आलं. नाही म्हणायची सोय नव्हती, हाक तिचीच होती. पण बाई बाजारात मुरलेली. जीव मुठीत धरलेला असतानाही जिभेवर धंद्याचीच भाषा आली.

"भवानीचा माल आमच्यात लगेच नेत नाहीत," ती म्हणाली. "ओळ भरायची आहे अजून."

त्या गिऱ्हाइकाने टोपलीतलं केळीचं एक पान उचललं, निजलेल्या पोरीवर रीतसर झाकलं आणि म्हणालं, "बरं. ओळ भरली की येईन."

धुकं फिटलं, भिक्खूंची नाव आली, बाकीच्या बायका आल्या. पण ओळ भरण्याआधी लामजियाक आपली नाव काढून घरी निघून गेली होती. पानाखालून मालैला उचललं तेव्हा पोरीचा श्वास चालू होता, पण तिच्या काळ्याभोर केसांत एक पांढरा पंजा उमटलेला होता. पाच बोटं, स्पष्ट.

त्यानंतर लामजियाकने बाजारात नाव लावली नाही. तिने आपली नाव घराच्या मागे पालथी घातली आणि दारोदार डोक्यावरून पेज विकायला लागली. पाण्यावर जी चव होती ती जमिनीवर येईना, मिळकत निम्म्यावर आली, पण तिने कुरकुर केली नाही. एकच गोष्ट ती सगळ्यांना हात जोडून सांगे. माझी जागा मोकळी ठेवा. ओळ भरू देऊ नका. बायकांनी ऐकलं. आयांना आईचं दुःख फोडून सांगावं लागत नाही. त्यांनी आपापल्या नावा नेमाने अलीकडे थांबवल्या.

थिम मात्र कुरकुरायचा. हा नारळाचा गूळ विकायचा. माणूस वाईट नव्हता, कष्टाळू होता, पण हिशेबी. त्याची जागा दोराकडे, भर उन्हात. दुपारपर्यंत त्याच्या गुळाचं पाणी व्हायचं आणि समोर विहाराच्या सावलीतली जागा ओस पडलेली दिसायची. एक वर्ष त्याने सोसलं, दोन वर्षं सोसलं.

"थिमभाऊ, तेवढी एक जागा सोडून कुठेही बस," लामजियाक त्याला म्हणे.

"वहिनी, तुझी पोर ठणठणीत आहे, उंच झालीय ताडासारखी," तो म्हणे. "धुक्यातल्या गोष्टी धुक्यात सोडाव्यात."

मग पाण्याच्या सणाची सकाळ उजाडली. तिकडचं नवं वर्ष, ऐन चैत्रातलं. त्या दिवशी बाजाराला इतक्या नावा लोटतात, की कालव्याचं पाणी दिसत नाही. थिम पहाटेच आला, भिक्खूंना गूळ घातला, रीत पाळली, आणि गुपचूप पायऱ्यांलगत नाव लावून मोकळा झाला. एका दिवसाने काय होतंय, असं त्याला वाटलं. दोराकडून नावा येत गेल्या, एकमेकींना भिडत गेल्या. शेवटची पोमेलोवाली आली, तिने दोन नावांच्या मध्ये आपली नाव रेटून बसवली आणि ओळ भरली.

लामजियाक तेव्हा कालव्याच्या काठाने पेज घेऊन चालली होती. एकाएकी बाजाराचा कलकलाट थांबला. सणाच्या दिवशी बाजार गप्प होत नाही. तिने वर पाहिलं तर वळणावरून धुकं येत होतं. चैत्रात, उन्हं वर आलेली असताना. डोक्यावरचं मडकं तिथेच टाकून ती धावत सुटली.

मालै विहाराच्या अंगणात पोरींबरोबर वाळूचे मनोरे करत होती. लामजियाक पोचली तेव्हा पोर पायऱ्या उतरून पाण्यात गुडघाभर शिरली होती. डोळे उघडे होते, पण कुणाला पाहत नव्हते. तिच्यापुढे ती नाव उभी, आणि तो ओला हात पुढे केलेला. ओळीतल्या बायका डाव हातात धरून जिथल्या तिथे बसलेल्या. कुणाला हलता येत नव्हतं. लामजियाकने पोरीला मागे ओढलं, पण पोर दगडासारखी जड झालेली. तिने थिमची नाव ढकलून पाहिली, तर सगळी ओळ एका लाकडातून कोरल्यासारखी घट्ट.

ओळ भरली आहे, ती रिकामी झाली पाहिजे, एवढंच त्या आईला कळत होतं. ती थिमच्या नावेत चढली. थिमला दंड धरून पायऱ्यांवर फेकला. गुळाची मडकी फोडत, बाजूला सारत तिने नावेचा तळ गाठला, आणि तळातलं बूच दोन्ही हातांनी उपसलं.

पाणी आत आलं. भरलेली नाव, गुळाचं वजन. ती बुडायला लागली. थिम पायऱ्यांवरून ओरडत होता म्हणे, "वहिनी, उडी मार, वहिनी, बाहेर ये!" पण तिचं वजन उतरलं असतं तर नाव तरंगत राहिली असती, म्हणून बूच हातात धरून ती तशीच बसून राहिली. डोळे पोरीकडे. पाणी तिच्या गळ्याशी आलं तसा पोरीचा पाय हलला. ते आईच्या डोक्यावरून गेलं, आणि ओळीत एका नावेपुरती जागा मोकळी झाली.

पुढे आलेला हात थांबला. मग हळूहळू मागे गेला. धुकं वळणाआड सरलं तेव्हा मालै पायरीवर उभी राहून आईला हाका मारत होती.

नाव नंतर सापडली नाही. कालवा तिथे दोन पुरुषही खोल नाही, पण गळ टाकून, बुड्या मारून पाहिलं, ना नाव हाताला लागली ना लामजियाक. थिमने त्यानंतर गूळ विकला नाही. त्याने मालैला पोटच्या पोरीसारखं वाढवलं, आणि रोज सकाळी भिक्खूंच्या पात्रात पहिला डाव पडला की दुसरा डाव तो स्वतः त्या मोकळ्या पाण्यात घालायचा. म्हणायचा, "वहिनी, बसून राहा."

म्हातारीने सांगणं थांबवलं. तोडणकरांनी मोबाइल कधी खिशात ठेवला ते त्यांनाही कळलं नसावं.

"आणि ते गिऱ्हाईक?" प्रमिलाबाईंनी हळूच विचारलं. "ते आता येत नाही ना?"

"भवानी झालेली आहे," याय सायबुआ म्हणाली. "माल न्यायचा राहिलाय."

तिने डोक्यावरची टोपी काढली. या वयातही तिचे केस काळे होते, आणि त्या काळ्या केसांत माथ्यावर एक पांढरा पंजा होता. पाच बोटं, स्पष्ट. आमच्या घरात थोरल्या मुलीला तो जन्मतःच असतो, ती म्हणाली. म्हणून तिने गाइडचं काम घेतलं. दिवसभर नाव घेऊन इथेच असलं म्हणजे जागेवर लक्ष राहतं.

तेवढ्यात पुलाखालून पर्यटकांची एक इंजिनाची नाव भरधाव आली आणि मोकळी जागा पाहून सरळ तिकडे वळली. बाजारातल्या बायकांचे हात थांबले. कलकलाट एकदम तुटला. प्रमिलाबाईंनी नवऱ्याचं मनगट घट्ट धरलं. ती नाव पायऱ्यांपासून हातभर अंतरावर आली, आणि इंजिन चालू असताना, कुणीही वल्हं न लावता, मागे सरकली. एकदा नव्हे, दोनदा. खालून कुणीतरी दोन्ही हातांनी लोटावी तशी. नावेतले पर्यटक हसले, त्यांना ती लाट वाटली.

याय सायबुआने शेजारच्या पेजवालीकडून डाव मागून घेतला, वाकून मोकळ्या पाण्यात पेज ओतली, आणि तोंडातल्या तोंडात काही म्हणाली. पाण्यावर तळलेल्या लसणाचा वास आला. कालव्यातले मासे पावाच्या तुकड्यासाठी एरवी एकमेकांवर उड्या टाकतात, पण त्या पेजेला एकही मासा शिवला नाही. ती पसरलीही नाही. हळूहळू खाली गेली, कुणी वाडग्यात घ्यावी तशी.

आजही बांग सान्नुआनच्या बाजारात गर्दी कितीही असो, सण कुठलाही असो, पायऱ्यांलगतची जागा कुणी भरत नाही. आजही पहिला डाव भिक्खूंचा आणि दुसरा लामजियाकचा असतो. आणि ज्या सकाळी वळणावर धुकं येतं त्या सकाळी सगळ्या बायका हाका मारायच्या थांबतात, आपापल्या नावा थोड्या आणखी अलीकडे ओढून घेतात आणि त्या मोकळ्या पाण्याकडे बघून म्हणतात, "बसून राहा, वहिनी. आम्ही आहोत."