भिंतीएवढा टीव्ही

खोटं वाटलं तर आमच्या गावात येऊन विचारा. आबासाहेबांची टॉकीज बंद पडून तीन वर्षं झालीती. तिथं बायकांच्या दाराला तिकिटं फाडणारी चंद्राआक्का अजून रोज सहाच्या खेळाला जायची, दारात घटकाभर उभी राहायची नि गुमान परत यायची.

एक दिवस आबासाहेबांनी घरी भिंतीएवढा टीव्ही आणला आणि अख्खी गल्ली बोलावली. विनोदी पिक्चर लागला. लोक पोट धरून हसले. मधेच आबासाहेब मिशी पिळत म्हणाले, "गादी, थंड हवा, सगळं घरात! आक्का, आता टॉकीज पाडतो नि गाळे काढतो."

आक्का म्हणाली कशी, "पाडा की. फकस्त राहिलेला पिक्चर तुम्ही एकटं बघा, आम्ही ओट्यावर बसतो. एकदा जरी खळखळून हसलासा, तर पहिली कुदळ मी मारते."

"आणि नाही हसलो तर?"

"तर टॉकीजची किल्ली माझ्याकडं."

आबासाहेब ऐटीत बसले. बाहेर गल्ली कान देऊन. हसायच्या जागा आल्या नि गेल्या. गडी खोटं हसायला गेला, तर ठसकाच लागला. शेवटी दार उघडलं.

"अरे, या की आत! एकट्याला काय मजा येतीया व्हय?"

आक्कानं हात पुढं केला.

"हसायला माणसं लागत्यात, आबासाहेब. आणि सगळं गाव मावंल एवढी जागा तुमच्याकडं एकच हाय. द्या किल्ली."