तोफेचा मुजरा

जनरल रणनवरे वायरलेसचं बटण दाबायचे, की नव्या रणगाड्याची तोफ गर्रकन वळून त्यांच्याच छाताडावर रोखली जायची. तपासणीला आलेल्या खांबेटेबाई म्हणाल्या, "साहेब, वायरलेसच्या लहरी तोफेच्या यंत्रात घुसतायत. हा सीमेवर गेला तर आपलीच माणसं मरतील. मी पास करणार नाही."

"अहो, ती मला मुजरा करते!" जनरल मिशीला पीळ देत गरजले. "तोफेलाही माणसाची पारख असते. करा सही!"

"करते की. पण नुसता मुजरा कशाला? साहेबांना सलामीच देऊ." बाईंनी रणगाड्यात हाक मारली, "खरा गोळा भरा रे! साहेब आता वायरलेसवरून भाषण करतायत."

जनरलसाहेबांनी रणगाडा जागीच नापास केला. तोही तोंडातून शब्द न काढता, नुसत्या हातवाऱ्यांनी.