उणे तीनचा वर्ग

“आणि तरीही ती नऊच म्हणते, गुरुजी. याला हट्ट नाही तर काय म्हणायचं?”

मंजुषा ठोंबरे शहाद्याच्या एका शाळेत सातवीला गणित शिकवायची. गणितात आपलं चुकत नाही, याचा तिला अभिमान होता. अत्तार गुरुजी तिचे लहानपणचे शिक्षक. त्यांच्या एका डोळ्यावर मोतीबिंदूच्या ऑपरेशनची पट्टी होती. दुसरा कधीच गेला होता.

“कोण ती?”

“सोनल गावित. सगळ्यांसमोर नऊ म्हणाली. पोरं हसली. मी तिला तासभर उभं केलं... चार दिवस झाले, शाळेत आलेली नाही.”

“गणित काय होतं?”

मंजुषाने वहीत लिहून वही पुढे धरली. मग ओशाळून मागे घेतली.

“वाच की,” गुरुजी म्हणाले.

“उणे तीनचा वर्ग.”

“नऊ.”

मंजुषा गडबडली. “गुरुजी, तुम्हीच तर शिकवलंत. कंस नसेल तर घात फक्त तीनचा. आधी तीनचा वर्ग, मग उणे. म्हणून उणे नऊ. इथे कंस नाहीये.”

“असं होय...” गुरुजींनी दोन्ही तळवे समोरासमोर उभे धरले, मधे काही जपून ठेवल्यासारखे. “तू ‘उणे तीनचा’ म्हणालीस. मला वाटलं, उणे कंसात आहे. उणे तीन गुणिले उणे तीन. नऊ.”

“पण फळ्यावर तर...”

“फळ्यावर बरोबरच असेल.”

मंजुषाने हातातल्या वहीकडे पुन्हा बघितलं.

“कुठे बसते ती?”

“शेवटच्या बाकावर.”

“लिहून घेताना कुठे बघते?”

मंजुषाला शेजारणीच्या वहीवर वाकलेली सोनल आठवली. त्यावरूनही ती तिला कितीदा रागावली होती.

“तिला फळा दिसत नाही, गुरुजी,” ती हळू म्हणाली. “ती माझं ऐकून गणित सोडवत होती. आणि तिचं बरोबर होतं.”



गुरुजींनी चाचपडत तिचा हात शोधला आणि धरून ठेवला.

“आजच तिच्या घरी जाते. उद्या सगळ्या पोरांसमोर तिची माफी मागते.”

“माग. पण आधी तिच्या बाकावर बसून फळा वाचून बघ.”