दुधाने धरलेल्या गोळ्या

एका गावात येसबा नावाचा एक भोळा माणूस होता. सांगितलेलं तो कधी विसरत नसे. तीच त्याची खोड.

त्याची बायको चांगुणा. तिच्या अंगातलं रक्त कमी झालं. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या. येसबाने त्या रोज चहाबरोबर दिल्या. महिना गेला. चांगुणा पांढरी ती पांढरीच. डॉक्टर म्हणाले, चहा लोहाला धरतो, रक्तापर्यंत जाऊ देत नाही. औषधाबरोबर लिंबू द्यावं.

येसबाने मनाशी गाठ मारली. औषध म्हटलं की लिंबू.

पुढे चांगुणाच्या पोटरीला गळू झालं. डॉक्टरांनी मलम दिलं. येसबाने मलम लावलं आणि वर अख्खं लिंबू पिळलं. चांगुणाची किंकाळी शिवेपर्यंत गेली. डॉक्टर चिडले. आंबट कशाला घातलंस, म्हणाले. दुखणाऱ्याला काही गार, मऊ द्यावं.

गळू चिघळलं. ताप भरला. डॉक्टरांनी कागदाच्या पुडीत पिवळ्या गोळ्या बांधून दिल्या. येसबाने एकेक गोळी वाटीभर गार दुधातून दिली. वर मऊ साय. चांगुणालाही बरं वाटलं, नवरा सुधारला म्हणून. पाच दिवसांत पाय भोपळ्याएवढा झाला.

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला.

"येसबा, दुधात कॅल्शियम, म्हणजे चुना असतो. तो या गोळीला घट्ट धरतो, सोडत नाही. ही शेवटची पुडी. ही वाया गेली तर पाय कापावा लागेल."

"दूध घट्ट धरतं," येसबा म्हणाला. "आता नाही चुकायचा."

गोळी पाण्याबरोबर द्यायची होती. पाणी ताजं हवं म्हणून तो विहिरीवर गेला. पुडी टोपीत खोचलेली. पोहरा ओढायला वाकला आणि पुडी विहिरीत पडली.

येसबा घाबरला नाही. बाजूला डेअरीचे अकरा कॅन टेम्पोची वाट बघत उभे होते. गावाचं सकाळचं सगळं दूध. त्याने एकेक कॅन उचलला आणि विहिरीत रिकामा केला.

टेम्पोवाला शिवराम आला. गाव जमलं. चांगुणा भिंतीला धरून लंगडत आली. तिने विहिरीत डोकावून पाहिलं, मग नवऱ्याकडे.

"अहो, माझा पाय चाललाय. आणि तुम्ही गावाचं दूध घालवलंत?"

"घालवलं नाही. कामाला लावलंय."

शिवरामला न्यायला दूधच उरलं नव्हतं. त्याने रिकाम्या टेम्पोत चांगुणाला घातलं आणि थेट जिल्ह्याच्या दवाखान्यात नेलं. तिथे इंजेक्शनं दिली. पाय वाचला. दहा दिवसांनी ती आपल्या पायांनी चालत गावात आली.

येसबा विहिरीच्या काठावर बसला होता. हातात गाळणी.

"घरी चला आता," चांगुणा म्हणाली.

"जरा थांब. दुधाने गोळ्या धरल्यात. साय वर आली की काढून देतो."