सरावाची हाक

तालुक्याच्या एका गावी एक वृद्ध अभियंता चार-पाच शिष्यांना मोबाइलची अ‍ॅप्स घडवायला शिकवीत असत. त्यांची शिष्या वैदेही हिने रक्तदात्यांसाठी अ‍ॅप केले होते. रुग्णालयाने हाक दिली की हव्या त्या रक्तगटाच्या दात्यांचे फोन वाजत.

एके दुपारी एक सुधारणा तपासताना तिने 'तातडीने रक्त हवे' हे बटण दाबले. तिच्या समजुतीने ती अ‍ॅपची सरावाची, म्हणजे केवळ तपासणीसाठीची, प्रत होती. पण सरावाची आणि लोकांच्या वापरातली, दोन्ही प्रती हुबेहूब सारख्या दिसत, आणि दात्यांची यादीही एकच. हाक खऱ्या दात्यांना गेली. अर्ध्या तासात एक वयस्क शिंपी हातातले काम टाकून, सायकल दामटत रुग्णालयात पोहोचले. तेथे रुग्णच नव्हता.

वैदेही ओशाळली. गुरूंना सोबत घेऊन ती शिंप्यांची क्षमा मागायला गेली.

"कुणाचं अडलं नव्हतं ना? मग बरंच झालं की," शिंपी हसून म्हणाले. जरा थांबून त्यांनी विचारले, "पण ताई, पुढच्या वेळी फोन वाजला तर निघायचं ना मी?"

"फोन करून सांगते, काका," वैदेही म्हणाली.

परतल्यावर गुरू रागावले नाहीत. त्यांनी संगणकावर सरावाच्या प्रतीचे चिन्ह उघडले. वैदेहीने मन लावून रेखाटलेला तो लाल थेंब होता. त्यावर त्यांनी भडक नारिंगी फुली मारली आणि खाली लिहिले, 'सराव'.

"सर, किती ओंगळ दिसतंय ते!"

"दिसू दे. घाईत माणूस नाव वाचत नाही, रंग ओळखतो. या प्रतीनं खुशाल चुकावं आणि प्रत्येक चूक तुला ओरडून सांगावी, त्यासाठीच ती आहे. पण तिची हाक या खोलीबाहेर जाता कामा नये. तिला यादी द्यायची ती आपण रचलेल्या नावांची. लोकांना जी प्रत द्यायची, तीही आधी आपल्याच फोनवर चालवून बघ. सरावात चाललं ते तिथं चालेलच असं नाही. तुला चुकायची मोकळीक हवी आणि त्या शिंप्यांना भरवसा. एकत्र ठेवलंस तर दोन्ही गमावशील."

वैदेहीने दोन्ही प्रती पूर्ण वेगळ्या केल्या आणि सरावाच्या प्रतीला रचलेल्या नावांची यादी दिली. त्यात दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी तिने शिंप्यांना फोन केला, "काका, वाजला की निघायचं."

त्या दुपारी तिने सरावातले बटण पंचवीस वेळा दाबले. चारदा ते चुकले. तिची छाती मात्र एकदाही धडधडली नाही.