परत न मिळालेल्या विळ्या

एकदा एक लोहार आपल्या वृद्ध गुरूंकडे धंद्यासाठी नाव मागायला गेला. घाटाच्या पायथ्याशी एक बाजाराचे गाव होते, तिथे त्याची भट्टी होती. त्याचे स्वतःचे नाव भानुदास. वय चाळिशीच्या आतले, हात कसलेला, स्वभाव थोडा भिडस्त. ज्यांच्याकडे तो ही विद्या शिकला, ते गुरू आता ऐंशीच्या घरात होते. हात कापू लागल्यापासून त्यांनी घण खाली ठेवला होता. सकाळच्या उन्हात ओसरीवर बसून ते येणाऱ्या-जाणाऱ्याची विचारपूस करीत. सगळे गाव त्यांना नाना म्हणे.

भानुदास विळ्या करी. पूर्वी त्याच्या विळ्यांना आसपासच्या दहा गावांतून मागणी होती. मग पेठेत भांड्यांचे एक मोठे दुकान निघाले आणि त्यात कारखान्यातल्या विळ्या आल्या. चकचकीत पाते, रंगीत पाट, वर पुठ्ठ्याचे खोके आणि खोक्यावर हसणाऱ्या बाईचे चित्र. दुकानाचा मालक माणूस वाईट नव्हता. त्याचा माल बरा होता आणि तो स्वस्त देत होता. भानुदासाचे गिऱ्हाईक मात्र हळूहळू तुटत गेले.

त्यानेही हातपाय गाळले नाहीत. शहरातून तयार पाती आणली, पाटांना लाल रंग दिला, ‘एक नंबर विळी’ असे स्टिकर छापून घेतले. बाजाराच्या दिवशी रिक्षावर कर्णा लावून गावभर फिरवला. पत्रके वाटली. लोकांनी पत्रके घेतली, त्यांत शेंगदाणे बांधले आणि विळी पेठेतूनच नेली.

अशी दोन वर्षे गेली. त्याची बायको मैना दुसऱ्याच्या रानात कांदे काढायला जाऊ लागली. शहरातल्या एका कारखान्यात लोखंडी फाटके बनत. तिथून निरोप आला होता, की वेल्डरची जागा आहे, पुढच्या महिन्यापासून ये. जाण्याआधी शेवटचा एक प्रयत्न करून पाहावा, म्हणून भानुदास नानांच्या ओसरीवर येऊन बसला.

“नाना, एखादं चांगलं नाव सुचवा,” तो म्हणाला. “लोकांच्या जिभेवर बसेल असं. पाटी नवी रंगवतो आणि महिनाभर बघतो. नाहीच जमलं, तर भट्टी विझवून शहरात जातो.”

नानांनी विचारले, “तयार विळ्या किती पडल्यात?”

“पन्नासेक असतील.”

“त्यातल्या नऊ घे. पूर्वी तुझ्याकडून विळी नेलेली नऊ घरं आठव. प्रत्येक घरी जा आणि म्हण, जुनी विळी मला द्या, ही नवी ठेवून घ्या. पैसे घेऊ नकोस.”

भानुदासाला वाटले, आपण नीट ऐकले नाही. “जुन्या विळ्यांचं मी काय करू? आणि फुकट वाटून धंदा कसा चालेल?”

“तू आधी जाऊन ये,” नाना म्हणाले. “आणि एक लक्षात ठेव. कोणी नको म्हणालं, तर का नको ते विचार. उत्तर मिळालं की वाद घालू नकोस.”

घरी येऊन त्याने हे मैनेला सांगितले. तिला रागच आला. रानातून नुकतीच आली होती, बोटांना कांद्याचा वास तसाच होता. “नानांचं वय झालं,” ती म्हणाली. थोड्या वेळाने तिनेच कोपऱ्यातल्या विळ्यांवरची धूळ पुसायला घेतली. “तशाही इथं पडूनच आहेत. जाऊन या.”

दुसऱ्या दिवशी सायकलला पोते बांधून भानुदास निघाला. पहिल्या घरी बाईने माळ्यावरून गंजलेली विळी काढून दिली, नवी घेतली आणि विचारले, “ही तुमच्याकडची होती होय? मला वाटलं, जत्रेत घेतली.” दुसऱ्या घरीही तसेच झाले. तिथल्या माणसाने तर आणखी एखादी मिळेल का, असेही विचारले. भानुदास खाली मान घालून पुढे गेला. आपल्या हातची वस्तू लोकांच्या आठवणीतही नाही, हे त्याला फार लागले.

तिसरे घर अनसाबाईंचे. लग्नकार्यात भाजी चिरायला बायकांचा एक ताफा जाई, त्याच्या त्या प्रमुख. अंगाने भारी, बोलायला रोखठोक. त्यांनी नवी विळी हातात घेतली, जमिनीवर टेकवली, तिच्यासमोर बसून पाहिले आणि परत दिली.

“नको रे बाबा.”

“का नको, मावशी?”

“माझा गुडघा वाकत नाही हे विसरलास का? पाय लांब करून बसते मी. तूच तर त्या वेळी पाट लांब केलास, मांडीखाली सरकवता यावा म्हणून. दोन-दोन मण भाजी चिरते मी तिच्यावर. ही घेऊन बसले, तर तासाभरात उठून जावं लागेल मला.”

नानांनी बजावले होते, म्हणून भानुदासाने वाद घातला नाही. पण सायकल हातात धरून तो बराच वेळ तसाच चालत राहिला. पाट लांब केल्याचे त्याला आता कुठे आठवत होते.

पुढे एका घरी शेवंता नावाची सून होती. तिने त्याला पाणी दिले, त्याचे बोलणे ऐकून घेतले आणि आतून आपली विळी आणली. पण हातातून सोडली नाही.

“मी डावखुरी आहे,” ती म्हणाली. “लग्न होऊन आले तेव्हा घरात रोज बोलणी बसायची. हिला साधी भाजी चिरता येत नाही म्हणून. तुम्ही एकदा दारात विळ्यांना धार लावायला आला होतात. मला चिरताना बघितलंत, काही बोलला नाहीत, आणि पुढच्या आठवड्यात ही विळी आणून दिलीत. हिची धार उलट बाजूनं आहे. त्यानंतर माझ्या हाताला कोणी नावं ठेवली नाहीत. तुमची नवी विळी चांगली आहे. पण मला हीच राहू द्या.”

सर्वांत अवघड गेले ते चंद्राआजींचे घर. त्यांना डोळ्यांनी जवळजवळ दिसत नव्हते. अंगणात बसून त्या चाचपडत मेथी निवडत होत्या, विळी शेजारी होती. भानुदासाने आपण कोण ते सांगितले आणि जुनी विळी मागितली. आजींनी ती पटकन उचलून मांडीवर घेतली.

“नेऊ नकोस रे,” त्या म्हणाल्या. “हिच्या पात्याला खाली दोन बोटं तू धार ठेवली नाहीस. तिथं हात टेकला की मला कळतं, पुढं पातं आहे. घरातली सगळी भाजी अजून मी चिरते. ही गेली, तर माझ्याकडं दिवसभर करायला काय राहील?”

“नाही नेत, आजी,” भानुदास म्हणाला. “तुमची तुमच्याकडंच राहू द्या.” तो खाली बसला, पिशवीतला धारेचा दगड काढला आणि तिथेच त्यांच्या विळीला धार लावून दिली. खालची दोन बोटे तेवढी सोडली.

संध्याकाळी तो नानांकडे आला तेव्हा पोत्यात चार नव्या विळ्या शिल्लक होत्या. अनसाबाई, शेवंता आणि चंद्राआजींखेरीज एका विधुराने नकार दिला होता. त्याला उभ्याने स्वयंपाक करायची सवय होती आणि त्याची विळी ओट्याच्या कडेला अडकेल अशी केलेली होती. पाच घरांनी मात्र आनंदाने अदलाबदल केली होती.

“चार जणांना फुकटसुद्धा नको झाली,” भानुदास म्हणाला. “आता तर नाव ठेवूनही उपयोग नाही.”

“त्या पाच जणांनी काय सांगितलं?” नानांनी विचारले.

“काही नाही. दोघांना तर विळी कुणाकडची तेच आठवत नव्हतं.”

“आणि या चौघांनी?”

भानुदास सांगू लागला. अनसाबाईंचा गुडघा, शेवंतेचा डावा हात, आजींची दोन बोटे, ओट्याची कड. सांगता सांगता त्याचा आवाज हळू झाला आणि मग तो थांबलाच.

“ते पाच जण वाईट नाहीत,” नाना म्हणाले. “त्यांना कुठलीही विळी चालते. त्यांच्यासाठी पेठेतलं दुकान आहे आणि ते चांगलं काम करतंय. तिथं तू त्याच्याशी स्पर्धा करत बसलास. तुझ्यापेक्षा तो स्वस्त देणार, तुझ्यापेक्षा चकचकीत देणार आणि त्याचा कर्णाही तुझ्यापेक्षा मोठा असणार. पण या चौघांना त्याच्याकडं त्यांच्याजोगी वस्तू मिळणार नाही. ती त्यांना तुझ्याकडं मिळाली, कारण तू विळी करायच्या आधी ते कसे बसतात ते बघितलं होतंस. आता सांग, हे बघणं तू कधी सोडलंस?”

“दुकान निघाल्यावर,” भानुदास म्हणाला. “बघत बसायला वेळ जातो, नाना. मला वाटलं, त्यांच्यासारखा माल भराभर काढला, तरच टिकू.”

“वाटणारच. पोटाची काळजी लागली की कुणालाही असंच वाटेल,” नाना म्हणाले. त्यांच्या स्वरात दोष देणे नव्हते. “पण त्या घाईत तुझ्या विळीत जे तुझं होतं, तेवढंच नेमकं तू काढून टाकलंस. आणि जे उरलं, त्याला नाव मागायला माझ्याकडं आलास.”

भानुदास म्हणाला, “पण चार घरांवर पोट भरत नाही.”

“नाही भरत. म्हणून उद्या त्या चार घरी परत जा. विकायला जाऊ नकोस. एवढंच विचार, की तुमच्यासारखं अडणारं आणखी कोण आहे. डावखुऱ्या माणसाला गावातली सगळी डावखुरी माणसं ठाऊक असतात.”

“आणि नाव?”

“त्याची घाई नको. लोक तुझ्याविषयी एकमेकांना जे सांगतील, ते कानांवर येईल. तेच पाटीवर लिही.”

भानुदास परत गेला. शेवंतेने माहेरच्या दोघींची नावे सांगितली. अनसाबाईंनी आपला सगळा ताफाच त्याच्यासमोर बसवला. त्यांतल्या निम्म्या बायकांची पाठ किंवा गुडघा दुखत होता आणि आजवर कोणी त्यांना विचारले नव्हते. त्या महिन्यात अकरा विळ्यांची मागणी आली. फार नव्हे, पण त्याने कारखान्याला येत नसल्याचे कळवले. मैना आणखी एक हंगाम कांदे काढायला गेली. त्यानंतर जावे लागले नाही. पुढे तर पेठेतला व्यापारीच, एखादे गिऱ्हाईक अडून बसले की म्हणे, “त्या लोहाराकडं जा. तो आधी बसायला लावतो, मग विळी करतो.” भानुदासाने हे ऐकले आणि लाल रंगाच्या उरलेल्या डब्यातून पाटी रंगवली: ‘बसून दाखवा, तशी विळी करून देतो.’

एका दुपारी शहरातून मोटारसायकलवर एक तरुण आला. आईसाठी चांगली विळी हवी, किंमत विचारणार नाही, म्हणाला.

“आई कशा बसतात चिरायला?” भानुदासाने विचारले.

तरुण म्हणाला, “माहीत नाही.”

“बघून या. घाई नाही.”

तरुण जरा नाराज होऊनच गेला. आठ दिवसांनी परत आला तेव्हा भट्टीपाशी येऊन सावकाश बसला.

“ती उजव्या हातानं जोर देतच नाही,” तो म्हणाला. “सगळं डाव्या हातानं रेटते. खांदा कधीपासून दुखतो म्हणून विचारलं, तर म्हणाली, दोन वर्षं झाली. मी रोज तिच्या हातचं जेवतो, आणि मला ठाऊक नव्हतं.”

भानुदासाने भाता चालू केला, आणि पाते किती खाली झुकवावे लागेल याचा अंदाज घेत आपलाच उजवा खांदा आखडून तो थोडा वेळ पाटासमोर बसून राहिला.

ज्याने आपला लहानसा व्यवसाय मांडला आहे, त्याने नवी पाटी रंगवण्याआधी जुन्या गिऱ्हाइकांपैकी चार घरी जाऊन यावे, आणि तिथे थोडे बोलून बरेच ऐकावे.